शेकरांची वाट

मी, देवजी हिरू विशे, वय अदमासे सदुसष्ट, धंदा शेती व बैलगाडी, राहणार वाघ्याचा माळ, डोळखांबजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवतो. पाय सुजतात, दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणाचा दाब नाही. शाळेचे कमळाकर मास्तर लिहीत आहेत. मी सांगेन तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. खालील सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे.

१. राहते घर, परसू व भाताची दोन खाचरे माझी पत्नी सुंदरा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावीत. तिच्या मागे ती किन्हवलीस दिलेली आमची एकुलती लेक सरस्वती हिला मिळावीत. पोस्टात जे असेल तेही सरस्वतीचेच.

२. ओढ्याकाठची माझी राई, त्यात हिरडा, आंबा, जांभूळ, ऐन मिळून चाळीसएक झाडे, ही मी कोणा एकाच्या नावे करीत नाही. कारण लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर उद्या म्हणतील म्हातारा भ्रमला होता.

सन १९४१ साली कोळशाच्या ठेकेदाराने गाड्यांसाठी झाडे तोडून रुंद वाट काढली. ती राई आणि डोंगराचे रान यांच्या मधून गेली. आटगाव स्टेशनाला पहिला कोळसा माझ्याच गाडीने नेला, हे मी नाकारत नाही. पण राईत शेकरं होती. तांबूस पाठीची, हातभर शेपटीची ही झाडावरची मोठी खार फांदीवरून फांदीवर जाते, जमिनीवर सहसा उतरत नाही. वाट झाली आणि शेकरं राईत कोंडली गेली. माघात तिथले खाणे संपले तेव्हा एक मादी खाली उतरली. कुत्र्यांनी तिला वाटेच्या मधोमध धरले. मी गाडी घेऊन परत येत होतो. कुत्री हाकलली, पण उशीर झाला होता. तिच्या आचळांत दूध होते. घरट्यातली पिल्ले वाचली नाहीत, हेही लिहा मास्तर.

ठाकरपाड्यावरची भागी मोळी घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, “देवजीदादा, तुमच्या गाडीला वाट झाली. आता त्यांनाबी एक वाट करून द्या.”

“झाडावरनं वाट कशी करू गो?”

“दोर बांधा. आमचा बुधू कड्यावर मध काढाया जातो, तो कशानं जातो?”

बुधू म्हणजे तिचा नवरा. त्याने केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर वळायला सगळ्यांना शिकवले. गाव आणि पाडा मिळून एकोणीस घरांनी दोर वळला. बांधाच्या भांडणावरून शेजारच्या शेताचा काळूराम माझ्याशी नऊ वर्षे बोलत नव्हता. त्याने सर्वांहून लांब दोर आणून माझ्या ओट्यावर टाकला आणि न बोलता निघून गेला. वाटेवरून तीन ठिकाणी दोर ताणून त्यांवर वेली गुंडाळल्या. सोळा दिवस एकही शेकरू फिरकले नाही. माझा पुतण्या अनंता म्हणाला, “काका, आता त्याच्यावर धोतरं तरी वाळत घाला.”

सतराव्या दिवशी भर दुपारी एक शेकरू दोरावर आले. मागे फिरले. पुन्हा आले. मधोमध दोर हलू लागला तसे चारी पायांनी घट्ट बिलगून राहिले, आणि मग एका दमात पलीकडे. खाली सगळे माना वर करून पाहत होते. ते पाहायला धावलेल्या सुंदराने तव्यावरची भाकरी करपू दिली.

त्यानंतर पाड्याने शेकराची शिकार सोडली. कोणी हुकूम केला नव्हता. त्यांच्या ताटातले ते खाणे होते, म्हणून त्यांचे सोडणे माझ्यापेक्षा मोठे, असे मी मानतो.

पुढे १९४३ साली धान्याची टंचाई होती आणि मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो. अनंताने मला न विचारता राई तोडायला ठेकेदाराला होकार दिला. सकाळी कुऱ्हाडी घेऊन माणसे आली. भागीने आपल्या तान्ह्या लेकीची झोळी मोठ्या हिरड्याला बांधली आणि म्हणाली, “लेकरू निजलंय. उठंस्तोवर झाडाला हात लावायचा नाय.” ते दुसऱ्या झाडाकडे वळले, तर तिथे बाईजाची झोळी. तिसऱ्याला धोंडूबाईची. दुपारपर्यंत अकरा झोळ्या झाल्या. तोडणारेही बायकापोरांचेच धनी. ते सावलीत बसले, बायकांनी दिलेली नाचणीची आंबील प्यायले आणि कुऱ्हाडी खांद्यावर टाकून गेले. माझी सही नव्हती, म्हणून करारही टिकला नाही. मला हे सगळे ताप उतरल्यावर कळले. त्या दिवशी मी रडलो.

म्हणून ही राई गाव आणि पाडा यांच्या पाच पंचांच्या स्वाधीन करतो. पंचांत भागी असलीच पाहिजे. बाई पंच कशी, असे कोणी विचारल्यास त्याला झोळ्यांची गोष्ट सांगावी. झाड विकू नये, तोडू नये. दर वर्षी पावसाळ्याआधी दोर बदलावेत.

३. अनंताला गाडी व दोन्ही बैल. त्याच्यावर माझा राग होता, तो आता नाही. घरात चार तोंडे उपाशी असताना तो ‘हो’ म्हणाला, आणि गेली तीन वर्षे दोर बांधायला सर्वांत उंच तोच चढतो.

४. वादाचा बांध काळूरामाला. चूक माझी होती.

५. माझा कोयता व घोंगडी बुधूला. याने काहीच फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

६. माझ्या चितेला राईतले लाकूड घेऊ नये, वाळलेलेही नाही. तसल्या खोडांत ढोल्या असतात. खालच्या शेतातला वठलेला आंबा घ्यावा. त्यात ढोली नाही, घरटे नाही. गेल्या शिमग्यात मी स्वतः शेंड्यापर्यंत चढून पाहिले आहे. हे सुंदराला सांगितलेले नव्हते. हे वाचून दाखवतील तेव्हा तिने रागावू नये.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या बोलण्याबरहुकूम आहे, म्हणून अंगठा करीत आहे.

देवजी हिरू विशे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: जयराम गोमा भोईर, सही दस्तुरखुद्द
साक्षीदार: रघू चांगो निमसे, अंगठा
लिहिणार: कमळाकर मास्तर, प्राथमिक शाळा

मुक्काम वाघ्याचा माळ, तारीख ११ डिसेंबर १९४६