मोकळ्या तारा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. संध्याकाळचे पावणेसात.

अण्णांच्या गिटारवरची धूळ पुसत होतो. अण्णा पलंगावरून म्हणाले, "नीट चमकव. रविवारी भैरवगढचा एक कापड छापणारा बघायला येतोय."

विकायची! मला विचारलंही नाही. मला कशाला विचारतील?

आई म्हणाली, "राहू दे ना घरात."

"ठेवून काय करू, उदबत्ती लावू?"

 लकव्याचा अटॅक आल्यापासून अण्णांचा डावा हात मांडीवर पडून असतो. गिटारच्या दांडीवरचे पडदे डावा हात दाबतो, म्हणजे सूर तोच ठरवतो. उजवा फक्त तार छेडतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक पुढे येऊन बसायचे त्यांना ऐकायला. आता टीव्हीवर गिटार लागली तरी चॅनल बदलतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुकानात दुरुस्तीला आलेला एक मोबाईल खोलून बसलो होतो, तेव्हा सुचलं. माझ्या लॅपटॉपमध्ये म्युझिकचं सॉफ्टवेअर आहे. त्यात एक आवाज भरला — सॅम्पल — की तोच वर-खाली करून बाकीचे सूर मिळतात. म्हणजे पडदा न दाबता छेडलेली मोकळी तार पुरते. म्हणजे उजवा हात पुरतो!

अण्णांना खोटं सांगितलं — घेणाऱ्याला तारांचा आवाज पाठवायचाय.  ते म्हणाले, "बरं. उद्या."

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्तिक पौर्णिमा. आई आणि धाकटी अपूर्वा राम घाटावर दिवे सोडायला गेल्या. घर शांत. पंखा बंद केला, फ्रिजही. गिटार अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून उशीवर. मोकळी तार छेडायची, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढची.

प्रत्येक तारेनंतर अण्णा डोळे मिटायचे. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. शेवटी म्हणाले, "झालं तुझं?" आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी चोरी तर करत नाही ना?

६ नोव्हेंबर, गुरुवार

चाल जमते आहे. संथ. मागे फक्त हलका ठेका, बाकी सगळी गिटार. सूर फार वर नेला की तार बारीक आणि घाईची वाटते, म्हणून खालीच ठेवली. तारांवरची खरखर पुसून काढली. प्रत्येक सूर अगदी जागेवर बसवला, केसभर इकडे-तिकडे नाही.

अपूर्वा डोकावली. "दादा, तू तर अण्णांनाच खोलून बसलायस! जोडता येईल ना परत? का एखादा स्क्रू उरेल?"

हसलो. मग हसू गेलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐकवायचं धाडस झालं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

चहानंतर ऐकवलं. आधी खोटं कबूल केलं, मग बटण दाबलं. मला वाटलं होतं, ऐकतील आणि म्हणतील, गिटार राहू दे. दुसरं काही नको होतं मला.

अण्णांनी पूर्ण ऐकलं. आई पदराने डोळे पुसत होती. अण्णा म्हणाले, "उजवा हात माझा आहे. ओळखला. डावा कोणाचा?"

"मशीनचा."

"वाटलंच. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट तारेवर घासतं, बेटा. थोडा उशीर होतो. त्या उशिरातच सगळं असतं. हे तर शाळेच्या रांगेसारखं चाललंय."

मी लॅपटॉप मिटला. "डिलीट करू?"

"चाल कोणाची आहे?"

"माझी."

"चाल चांगली आहे." रिकामा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "उद्या तो माणूस येईल तेव्हा घरी राहा. गिटार जिन्यावरून मला नेता येणार नाही."

म्हणजे विकणारच. शिवाय मीच ती खाली नेऊन द्यायची.

९ नोव्हेंबर, रविवार

भैरवगढचा माणूस आला. छपाईचा रंग नखांत तसाच. चहा घेतला, गिटार उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "अंकल, ज़रा बजाके बता दो. आवाज़ तो सुनें."

त्याला अण्णांच्या हाताचं कोणी सांगितलंच नव्हतं! आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी खाली बघत राहिलो.

अण्णा म्हणाले, "इकडे ये. माझ्या डावीकडे बस. तुझीच चाल. मी पडदा सांगतो, तू दाब."

किती चुका झाल्या! तार मरायची, बोट घसरायचं. ते सांगायचे, मी दाबायचो, ते छेडायचे. प्रत्येक सुराला उशीर.

माणूस म्हणाला, "ले जाऊँ, अंकल?"

अण्णांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, "जोरात दाब. अजून दुखलं नाही तुला."

माणूस रिकाम्या हातानेच जिना उतरला. आता दुखतंय. चारही बोटांवर तारांचे वळ आहेत.