मुलीजवळ कोण राहील?

प्रिय प्रमिलाताई,

जय भीम.

गुरुवारी मला कमिटीपुढे बोलायचं आहे. लिंडाने काल तिच्या ऑफिसमध्ये बोलावलं आणि म्हणाली, "हे प्रमिलाचं स्वप्न होतं. तू तिच्या वतीनं बोल." डायरेक्टरला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. खाली येऊन गाडीत बसले, आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. तुमच्या वतीनं! तुम्हाला विचारलं कोणी? म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. काऊंटीच्या बालसंरक्षण खात्यात आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. खुर्ची मला उंच होते. खाली करता येते. केलेली नाही.

तुम्ही जे मागत होतात ते मंजूर झालं, ताई. प्रत्येक मीटिंगमध्ये तुम्ही तेच म्हणायचात. शाळेतून फोन येतो, आपला केसवर्कर त्या घरी जातो, घाबरतो, आणि मुलाला उचलून परक्यांच्या घरी नेऊन ठेवतो. त्याआधी एकदा तरी त्या घरच्या माणसांना एकत्र बसवा. नातेवाईक, शेजारी, ज्यांना ते आपलं म्हणतात त्या सगळ्यांना. मूल घरातच सुरक्षित कसं राहील ते त्यांना ठरवू द्या. आपण ऐकायचं, विचारायचं, आणि शेवटी हो किंवा नाही म्हणायचं. लिंडा दर वेळी म्हणायची, पुढच्या वर्षी बघू.

आता तीच घाईत आहे. कमिटीला एवढंच ठरवायचं आहे की ही पद्धत आधी एका टीमने सुरू करायची की सगळ्या काऊंटीत एकाच दिवशी. लिंडाला एकाच दिवशी हवी आहे. "हळूहळू म्हणजे कधीच नाही," असं ती म्हणते. हे वाक्य तुमचंच ना? तुमचं सगळं तिने उचललं आहे. ठरलेल्या गोष्टीवरही पुन्हा शंका घ्यायची तुमची सवय तेवढी उचललेली नाही.

आणि पुरावा म्हणून आहे माझी मीटिंग. नव्या पद्धतीची पहिली बैठक मी घेतली. ऑफिसात सगळे तिला सक्सेस स्टोरी म्हणतात. गुरुवारी मी ती सांगायची आहे.

कशी सांगू?

मुलीचं नाव इथेही लिहीत नाही. ही सवय तुम्हीच लावलीत. तिसरीतली मुलगी, घर मराठी. शाळेच्या नर्सला तिच्या डाव्या दंडावर भाजल्याचा डाग दिसला. बोटभर, सरळ. मुलगी म्हणाली, ओव्हनला लागलं. डॉक्टरना नक्की सांगता येईना. बाप तापट. त्याचं ओरडणं खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. आमच्या सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. माझीही.

बैठकीला मुलीला घेऊन आई-वडील आले, नागपूरहून मुलाकडे आलेली आजी आली, एडिसनहून गाडी चालवत बापाचे मोठे भाऊ आले, खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काऊंटीच्या त्या पांढऱ्या खोलीत काकूंनी पोह्यांचा डबा उघडला, थर्मासमधून चहा ओतला. माझ्याबरोबर आपला केसवर्कर टोनी होता. त्याने दोनदा पोहे घेतले. "आपल्या मीटिंगांना असं का नसतं?" म्हणाला. तुम्ही असतात तर हसला असतात.

काकू घाबरल्या नाहीत. त्या भावालाच म्हणाल्या, "अहो, तुमचा भाऊ ओरडतो ना, तेव्हा मला वाटतं माझ्याच घरात कोणी शिरलं."

"कामाचं प्रेशर आहे हो, काकू," बाप म्हणाला.

"प्रेशर आम्हालाही होतं. भिंतीला सांगत नव्हतो."

बापाने मान खाली घातली. मग तो स्वतःच म्हणाला, मी महिनाभर दादाकडे राहतो, घर सोडतो. माझ्या मनात आलं, ताई, चालतं आहे हे! कोणी धमकावलं नाही, कोर्ट नाही, पोलीस नाहीत. माणूस आपणहून उठतो आहे. आई एका लॅबमध्ये संध्याकाळच्या शिफ्टला असते. मग मी विचारलं, मुलीजवळ कोण राहील?

"आई आहे ना!" आजीकडे बघत तिघं एकदम म्हणाले.

आजी म्हणाली, "माझ्याशिवाय तिला घास उतरत नाही."

आपल्यात हा प्रश्न पडतच नाही. घरातली वडीलधारी बाई असताना दुसरं नाव घेणार कोण? भिंतीवरच्या मोठ्या कागदावर मी लिहिलं, आजी. लिहिताना हात हलका होता.

सगळे उठले. कोट घातले. काका मुलीला म्हणाले, "चल बेटा, सगळ्यांच्या पाया पड."

ती काकांच्या पाया पडली. काकूंच्या पडली. बापापाशी वाकली तर त्याने अर्ध्यातूनच उचलून घेतलं, आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. हे मला अपेक्षित नव्हतं. घाबरलेलं मूल असं गळ्यात पडतं का? तेवढ्यात ती आजीकडे वळली. दूर थांबली. तिथूनच वाकली. उजवा हात पुढे केला, तो पावलांपर्यंत पोचला नाही. डावा हात तिने पाठीमागे नेला होता.

"नीट कर गं," आजी म्हणाली.

मुलीने आईकडे पाहिलं. आई कोटाची चेन लावत होती. ती केव्हाच लागलेली होती.

ताई, तुम्ही तुमच्या नातवंडांना कुणाच्या पाया पडू द्यायचा नाहीत. "त्याला वाटलं तर वाकेल, तुम्ही सांगू नका," असं भर कार्यक्रमात मोठ्या माणसांना सुनवायचात. मला ते जरा जास्तच वाटायचं. हसायचे मी. त्या खोलीत मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, "सगळे बसा." कोणी बसलं नाही. मुलीला शेजारच्या खोलीत नेलं. खेळणी होती, तिने हात लावला नाही. मी मराठीत विचारत होते, ती इंग्रजीत उत्तर देत होती. आजी म्हणते, असं केलं की लक्षात राहतं. काय लक्षात राहतं? पाढे. कशानं? तिने हवेत उलथनं धरून दाखवलं. गॅसवर कसं धरायचं ते दाखवलं.

"चटका देईन हं!" आपल्यापैकी कोणी हे ऐकलेलं नाही? आमच्या घरी तो नुसता शब्द होता. आम्ही हसत पळायचो. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी तो नुसता शब्द असतो.

बाहेर येऊन मी सांगितलं. बाप नुसता "आई?" म्हणाला. पुन्हा "आई?" आजी शांत होती. "आम्हाला असंच वाढवलं. मेलो का आम्ही?" काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाप मला म्हणाला, "मॅडम, मी आईला घराबाहेर कशी पाठवू?"

काकू म्हणाल्या, "कशी म्हणजे? गाडीनं."

तो कागद काढला, दुसरा लावला. आजी त्याच संध्याकाळी मोठ्या मुलाकडे एडिसनला गेली. तिथे लहान मूल नाही, ते पाहून घेतलं. बाप घरीच राहिला. शाळा सुटल्यावर काकू. आईने शिफ्ट बदलून मागितली. तपास करणाऱ्यांना आणि डॉक्टरना त्याच वेळी कळवलं. मुलगी तिच्या घरी, तिच्या पलंगावर झोपते आहे.

ही ती सक्सेस स्टोरी.

मला दिसतो तो पहिला कागद. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं, आजी. काका पाया पड म्हणाले नसते तर? ते काही पद्धतीत नव्हतं. ट्रेनिंगच्या जाड फाइलमध्ये तसं पान नाही. टोनी एकटा असता तर त्याला वाटलं असतं, लाजाळू मुलगी आहे. टोनी चांगला माणूस आहे, पण त्याला ते दिसलं नसतं. आणि पुढच्या आठवड्यात माझ्यापुढे दुसऱ्या कुठल्या देशातलं घर बसेल. त्यांच्यात निरोप कसा घेतात, मूल कोणाला टाळतं, कोणाला विचारायचीच पद्धत नसते, हे मला कुठे माहीत आहे? तिथे मी टोनी असेन. काऊंटीभर एकाच दिवशी आम्ही सगळे कागद लावू, आणि घरची माणसं एकमताने एक नाव सांगतील. आम्ही ते मोठ्या अक्षरात लिहू.

विचार तिथे आला की हात गार पडतात.

मग जसं घडलं तसं सांगू? कमिटीतले निम्मे आधीच बिचकलेले आहेत. काऊंटीचा वकील तर वाटच बघतो आहे. तो म्हणेल, थांबवा हे. पुन्हा वीस वर्षं कोणी नाव काढणार नाही, आणि आम्ही मुलं उचलत राहू. जुन्या पद्धतीनं तरी ती मुलगी वाचली असती का? मी ते रोज जुळवून बघते. बापावर ठपका आला असता. तिला आधी परक्यांकडे ठेवलं असतं. मग कोणीतरी म्हणालं असतं, जवळचं नातेवाईक शोधा. कोण सापडलं असतं, ताई? तीच.

कुठल्याच बाजूला उभं राहायला जागा नाही. तुम्हाला हे माहीत होतं?

तुम्हाला भीती वाटत नाही असं मी धरून चालले होते. एकदा जुलैमध्ये एका घरासमोर आपण गाडी लावली होती. तुम्ही दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होतात. मी विचारलं, काय झालं? "थंडी आहे," म्हणालात. जुलैमध्ये! मी मान हलवली आणि उतरले. तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्हीही सांगायला हवं होतं. आजारपणाचंही तसंच. लेकीकडे जाते म्हणून रजा टाकायची, आणि तिकडे केमो घ्यायची. आम्ही इथे तुमच्यासाठी आंब्याच्या बरफीचा डबा राखून ठेवला होता. परत आलात तर केस कापलेले. "नवी स्टाइल," म्हणालात. काय म्हणावं तुम्हाला! सगळं शिकवलंत, आणि नेमकं हे एकटीनं कसं करायचं ते लपवून ठेवलंत.

आज सकाळी बापाचा मेसेज आला. "मॅडम, दिवाळीला आईला एक दिवस घरी आणू का? फक्त जेवायला. मी समोर असेन. ती रडते फोनवर."

तो वाईट माणूस नाही. म्हणूनच भीती वाटते. आईचं रडणं तो किती दिवस ऐकेल? मी काकूंना फोन केला.

"मी बघते ना," त्या म्हणाल्या. "फक्त लक्ष्मीपूजनाला मी मुलाकडे बॉस्टनला आहे. दोन दिवस. मग काय, मी आहेच."

मुलीच्या आईला फोन लावला. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाली, "त्या मोठ्या आहेत ना."

मी बापाला नाही म्हणून कळवलं. आजी घरी येणार नाही, एक दिवसही नाही, तपास संपेपर्यंत नाही. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. त्याचा अर्थ काय धरायचा? तेव्हापासून फोन वाजला की मी आधी नंबर बघते. शाळेचा नसला की श्वास सोडते.

म्हणून ठरवलं आहे. गुरुवारी मी पहिला कागद भिंतीवर लावणार. दुसरा नंतर. किती थोडक्यात निभावलं ते सांगणार, आणि मग म्हणणार की तरीही हीच पद्धत हवी, पण एकाच टीमपासून. बैठकीआधी मुलाशी एकट्यानं बोलायचं, आणि बैठक झाल्यावर, कोट घालण्याआधी, पुन्हा एकदा. ज्याचं नाव घरच्यांनी सांगितलं त्याच्याबद्दल. लिंडा चिडेल. वकील खूश होईल. त्यांनी सगळंच बंद केलं तर मी पुढच्या वर्षी मागेन, त्याच्या पुढच्या वर्षी मागेन. तुमच्याइतका धीर नाही माझ्यात. तरी मागेन.

आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, न कळवता, त्या घरी जाईन. त्यांच्या दाराबाहेर चपलांचं रॅक आहे. जिना चढताना माझी नजर आधी त्यावर जाणार, हे मला आत्ताच कळतं आहे. आजीच्या चपला दिसल्या तर बेल वाजवीन. नाही दिसल्या तरी वाजवीन. फराळाला थांबा म्हणतील, सणाचा दिवस आहे म्हणतील. मी आधी मुलीला बाजूला घेऊन बसेन, ती बोलेपर्यंत. हा माझा शब्द.

तुमची,
वैशाली