रंग कंपनीचा, शिडी पालिकेची

३ एप्रिल
रोजनिशी जानेवारीतच सुरू करणार होतो. वहीसुद्धा आणली होती. पण तेव्हा नोकरी नव्हती, लिहिणार काय? मग नोकरी लागली, तर वेळ कुठाय? असो. आजपासून रोज.

मी समन्वयक झालोय. हवामानबदलाशी लढायला पालिका आणि एक रंगाची कंपनी एकत्र आल्या आहेत. पत्र्याच्या छतांना पांढरा रंग द्यायचा, म्हणजे ऊन परतून जातं आणि खोली गार. रंग कंपनीचा, शिडी पालिकेची. दोन्ही एका दिवशी एका गल्लीत आणायचं, एवढंच माझं काम. डोकं लागतं, म्हणून मला घेतलं असावं.

पहिलं छत ताईचं. मी तिच्याकडेच राहतो. दुपारी खोलीची भट्टी होते, बाळाची पाठ घामोळ्यांनी लाल. भाऊजी पत्र्यावर टाकायला हिरवी जाळी आणणार होते. म्हटलं, कशाला उगाच खर्च, आठवड्यात काम फत्ते.

७ एप्रिल
(मधले दिवस नियोजनात गेले.)
रंगाची गाडी आली. शिडी नाही. कंपनीच्या मॅडमना म्हटलं, डबे ठेवून जा. तर म्हणे पालिकेची सही झाल्याशिवाय डबा उतरत नाही. शेजारच्यांची शिडी आणतो म्हटलं. तर म्हणे खासगी शिडी करारात बसत नाही. गाडी गेली.
ताईने भांडी जोरात घासली.

९ एप्रिल
शिडी आली! तिच्यासोबत शिडीवाला, त्याच्यासोबत पालिकेचे साहेब. रंग नाही. साहेबांना म्हटलं, शिडी राहू द्या. ते म्हणाले, चोरीला गेली तर तुझ्या पगारातून कापू का? पगार अजून ठरायचाय, हे मी बोललो नाही.
शिडीवाला पाणी प्यायला आत आला आणि म्हणाला, बाप रे, इथे माणसं राहतात? ताईने त्याला पाणी दिलं. मला नाही.

१४ एप्रिल, सकाळ
जिंकलो. दोघांकडूनही आज अकराचं कबूल करून घेतलं. मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

१४ एप्रिल, दुपार
दोघंही आले होते म्हणे. मी चौकात होतो. उलटलेला ट्रक क्रेनने सरळ करत होते, असं रोज थोडंच बघायला मिळतं? समन्वयक जागेवर नाही म्हणून दोघंही परत गेले. म्हणजे माझ्याशिवाय पान हलत नाही, हे सिद्ध झालं. हा मुद्दा ताईला समजावून सांगितला. तिने दार लावून घेतलं. मी बाहेर होतो.

१६ एप्रिल
बाळाला ताप. डॉक्टर म्हणाले, त्याला आधी त्या खोलीतून हलवा. भाऊजी जाळी आणायला धावले, तर दुकानात संपलेली. सगळ्यांनाच उकडतंय. मला म्हणाले, मेव्हणे, तुमच्या नादी लागून आम्ही भाजून निघालो. तिघंही भाऊजींच्या बहिणीकडे गेले. जाताना ताई म्हणाली, छत खरंच पांढरं झालं तर फोन कर. थापा मारायला करू नकोस.
व्यवस्थेतच दोष आहे. माझ्यात नाही.

२१ एप्रिल
झालं! रंग, शिडी, मॅडम, साहेब, फोटोवाला, सगळे एकदम. छत तासाभरात रंगलं. मग फलकावर कुणाचं नाव वर, यावर बाकीचा दिवस गेला. फोटोला लाभार्थी हवा होता. ताई नाही, म्हणून मलाच उभं केलं. आधी त्रासलेला चेहरा, मग गार झालेला.

खोली खरोखर गार झाली. ताईला फोन केला. तिला पटेना. म्हणाली, पत्र्याला हात लावून सांग. लावला. चटका बसला नाही. तेव्हा म्हणाली, बाळाला घेऊन सकाळीच येते रे.
भागीदारी चालतेच. फक्त मधला माणूस खमक्या हवा.

२१ एप्रिल, संध्याकाळ
दारात घरमालक! एवढ्या वर्षांत स्वतः कधी फिरकले नाहीत, भाडंसुद्धा भाऊजीच नेऊन देतात. सोबत एक नवं जोडपं. प्रकल्प बघायला आले असणार. घरमालक वर बोट दाखवून सांगताहेत, भर उन्हाळ्यात गार, म्हणून भाडं जरा जास्त. बाई ताईच्या पलंगाकडे बघून विचारतेय, हे सामान कधी हलणार?