खताच्या ड्रममध्ये निघालेल्या गोळ्या

अहो,

चपला काढायच्या आत हे वाचा. आत्ता ड्रममधलं खत चाळत होते. उष्टं-खरकटं सगळं कुजून माती झालंय, पण मामांच्या फिटच्या गोळ्या पाकिटासकट तशाच निघाल्या. रोज एकेक कापून मी त्यांच्या ताटाजवळ ठेवते, ते उरलेल्या भाकरीत दडवत होते. घेतली का विचारलं, की "व्हय बाई" म्हणायचे. गोळीनं लई झोप येते म्हणाले होते, तेव्हा आपण दोघंही त्यांच्यावर ओरडलो. आता ओरडू नका.

मामा स्कूटर घेऊन चितेगावला गेलेत. मी रिक्षानं मागं निघालेय. शेजारच्या बन्सीभाऊंची गाडी मागून घ्या अन् पैठण रोडनंच या, दोन्ही कडेला बघत या. वर्षा त्यांच्या मागं बसलीय. मीच बसवली. आजोबांना घट्ट धर, असंही मीच म्हणाले.