उशा विकणारा आवाज

४ फेब्रुवारी
काम मिळालं! तात्पुरतं – तीन महिने बघू म्हणाल्या मालकीणबाई – पण मिळालं. कारखाना गाद्या-उशांचा, दुकानही त्यांचंच. गिऱ्हाइकांना जाहिरातीचे मेल जातात, ते आता मी लिहायचे. आजवरचे सगळे वाचून काढले. डोकं उठलं. विक्रीप्रमुख लिहितात तेव्हा कानाशी ढोल – आजच घ्या, आत्ताच घ्या, संधी गेली की गेली! हिशेबनीस लिहितात तेव्हा ‘सविनय कळविण्यात येते’. मालकीणबाईंचा पुतण्या मध्येच कविता करतो, चंद्र-चांदण्यांसकट. दुकान एक, तोंडं तीन. गिऱ्हाइकानं ओळखायचं कुणाला?

६ फेब्रुवारी
मालकीणबाईंना विचारलं, आपलं दुकान म्हणजे एखादं माणूस असतं तर कसं बोललं असतं? म्हणाल्या, माझ्या आत्यासारखं. ती एकदाच सांगायची, पण ऐकावंसं वाटायचं.

सापडला आवाज! आत्या. पाहुण्याला अंथरूण घालून देणारी, ‘पड आता निवांत’ म्हणून दिवा मालवणारी. आत्या ओरडत नाही. हात जोडत नाही. चंद्राकडे बघत बसत नाही. मेलमधून उद्गारचिन्ह हद्दपार. (म्हणून इथे मनसोक्त वापरणार!)

१० फेब्रुवारी
पहिला मेल. चांगला दीड पान झाला. सासूबाईंना वाचून दाखवला, त्या भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, “नमनालाच घडाभर तेल घातलंस की गं.”

कापला. वाचला. पुन्हा कापला. जीव तुटत होता – एक फार सुंदर वाक्य होतं झोपेबद्दल. तेही गेलं. उरलं ते एवढंच – ‘मान आखडते का? उशी बदलून बघा. नाही आवडली तर परत द्या, आम्ही रुसणार नाही.’

सासूबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, केवढ्याला आहे?

११ फेब्रुवारी
विक्रीप्रमुखांना नाही आवडला. हा मेल आहे की शेजारणीची चिठ्ठी, म्हणाले. जोर कुठाय यात? त्यांच्या ओळखीची बाहेरची काही मंडळी आहेत, हे काम त्यांना द्यावं असं पहिल्यापासून त्यांच्या मनात. शेवटी मालकीणबाईंनी तोड काढली – अर्ध्या गिऱ्हाइकांना त्यांचा मेल, अर्ध्यांना माझा. ज्याचा चालेल त्याच्या हाती काम.



१७ फेब्रुवारी
जिंकले!!! त्यांच्यापेक्षा दुप्पट उशा! सगळ्या उद्गारचिन्हांसकट हरले बिचारे.

आणि गंमत म्हणजे लोकांनी उत्तरं लिहिलीत. जाहिरातीला उत्तर! एका आजोबांनी विचारलंय, उशी छान आहे, पण बायकोचं घोरणं थांबवायला काही ठेवता का? मी कळवलं – नाही ठेवत. कापूस मात्र भरपूर आहे, कानात घालायला पाठवू का?

नवरा म्हणाला, माझ्याशी कधी एवढं थोडक्यात बोलली नाहीस.

२ मार्च
नोकरी पक्की. महिन्याच्या आतच!

९ मार्च
आज हिशेबनीस स्वतःहून टेबलाशी आले. जरा घुटमळले. मग विचारलं, ‘सविनय’च्या जागी काय घालू? म्हटलं, काहीच नको – ‘पैसे मिळाले, आभारी आहोत’, बस. त्यांनी पुटपुटत दोनदा म्हणून पाहिलं आणि खुशीत गेले. पुतण्यानंही चंद्राला रजा दिलीय. बाहेर जाणारा प्रत्येक मेल आता एकाच माणसाचा वाटतो. पाय जमिनीवर नाहीत माझे!

२० मार्च
दोन उत्तरं आली, दोन वेगळ्या गावांहून. मजकूर जवळजवळ एकच – नवी उशी घेतल्यापासून मानेवर पुरळ उठतंय.

गोदामात जाऊन विचारलं. या खेपेचं आतलं भरण दुसरीकडून, स्वस्तातलं आणलेलं. विक्रीप्रमुख म्हणाले, एखाद-दुसऱ्याला होतंच असं, उत्तर देऊ नका. उद्या मोठ्या सवलतीचा मेल जायचाय. तो मीच लिहून ठेवलाय. चांगला झालाय. तोच तर त्रास! लोक विश्वास ठेवतील.

२१ मार्च
सकाळीच मालकीणबाईंच्या खोलीत गेले. दोन्ही उत्तरं पुढे ठेवली. मागोमाग विक्रीप्रमुख. खेप परत मागवली तर सबंध हंगाम बुडेल, नाव जाईल ते वेगळंच, म्हणाले. खोटं नव्हते बोलत.

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. “तुमचं काय म्हणणं?”

“सवलतीचा मेल मी लिहिलाय, पण पाठवणार नाही,” म्हटलं. “तुमच्या आत्यानं पाहुण्याला खाजरं अंथरूण घातलं असतं का?”

वाटलं, संपलं. गेली नोकरी. त्या उठून खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

“दुसरा लिहा. खाली नाव माझं घाला.”

तिथंच बसून लिहिला. ‘या महिन्यात आमच्याकडून घेतलेली उशी वापरू नका. आतलं भरण खराब आहे. चूक आमची. परत पाठवा – नवी देऊ, नाहीतर पैसे.’ एकही शब्द कापावा लागला नाही.

२६ मार्च
गोदामात उशांचा डोंगर. टेम्पोवर टेम्पो. सगळेच उतरवून घेत होतो, विक्रीप्रमुखसुद्धा, बाह्या सारून, माझ्याशी अवाक्षर न बोलता. दुपारी ते आपल्या गाडीकडे गेले, दोन उशा काखोटीला मारून आले आणि ढिगावर टाकल्या.

“बायकोनं पाठवल्यात,” म्हणाले. “मी सांगत होतो, काही होत नाही. ती म्हणाली, मेल आलाय ना.”