दोघी उभ्या आणि खुर्ची बसलेली

ती. वन्सं,

तुमच्या पायांना इथूनच नमस्कार. (पत्रातून वाकलं की कंबर दुखत नाही, हा पत्राचा मोठा फायदा.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की बाटली कपाटात ठेवून तिच्याकडे बघूनच बरं वाटतं? माझी तब्येत उत्तम. रागानं माणूस खंगतो म्हणतात. मी तर दोन घास जास्तच जेवते आहे.

आमच्या इमारतीच्या सचिवांची बायको तुमची शाळेतली मैत्रीण, म्हणजे एव्हाना तुमच्या कानावर गेलंच असेल की तुमच्या भावजयीचं डोकं फिरलं आणि तिनं भर वर्गात सचिवांना पाडलं. त्यातलं दुसरं अर्धवट खरं आहे. पहिलं तुम्ही माझ्या लग्नापासून म्हणत आला आहात, तेव्हा त्यात बातमी काही नाही. तरी एकदा माझ्या तोंडून ऐका.

फाटकावर हल्ली एक बाई पहाऱ्याला असते. टोपी मोठ्या मापाची, कानांवर येते, म्हणून पोरं तिला कॅप्टन म्हणतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभी. बसायला काही नाही, कारण समितीचं मत असं की बसलेला पहारेकरी झोपतो आणि इमारतीची शोभा जाते. (समिती हे बसूनच ठरवते. बसल्या बसल्या झोपतेही, मी पाहिलं आहे.) एका दुपारी कॅप्टननं बूट काढला होता. घोट्यावर मोज्याचा वळ रुतलेला, वर निळ्या शिरा टरारलेल्या. वन्सं, तो पाय मी ओळखते. तोच चोळत मी संसार केला. तुमचा भाऊ जन्मभर कापडाच्या दुकानात उभा. गिऱ्हाईक बसलेलं, मालक बसलेला, तागेसुद्धा फळीवर आडवे पडलेले. उभा काय तो हा एकटा. घरी आले की तुमच्या वडिलांनी करवून घेतलेल्या जोडीतल्या आमच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "आता मला कुणी उठवू नका." शेवटच्या संध्याकाळीही तेच म्हणाले. देवानं जरा जास्तच मनावर घेतलं.

तर ती खुर्ची मी खाली नेली. कॅप्टन बसेना. "काकू, साहेबांची खुर्ची आहे." म्हटलं, "साहेब कसले गं, तुझ्यासारखाच उभा माणूस होता. बस." बसली, पण अशी टोकावर, जणू खुर्ची उकळते आहे. काही दिवसांनी पाठ टेकायला लागली. मला तेवढ्यानं सुद्धा घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. आणि मग एका सकाळी खुर्ची गायब. कॅप्टन मान खाली घालून म्हणाली, "वर नेली, काकू. नियम आहे म्हणे. तुम्ही भांडू नका, घरात कमावणारी मी एकटीच आहे."

आता वर्गाबद्दल. सचिव रविवारी गच्चीवरच्या खोलीत माणसानं आतून कसं वाढावं हे शिकवतात. मी जाते, कारण तिथं पुस्तकं वाचायला मिळतात. (तुम्हाला आठवत असेल, मी वाचायला शिकले ती कापडाभोवतीच्या रद्दी कागदांवर, तुमच्या भावाकडून. त्यामुळे अजूनही कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी आत काय गुंडाळलंय ते बघते. या पुस्तकांत बहुतेक वेळा काही निघत नाही.) त्या रविवारी गेले, तर खुर्ची समोर! आणि तिच्यात सचिव! म्हणे, "पाठीला काय सुंदर आधार आहे हो हिचा." विषय होता करुणा. कष्ट करणाऱ्यांविषयी मनात ओलावा आणा, असं सांगत होते, माझ्या नवऱ्याच्या खुर्चीच्या हातावर टिचक्या मारत. मी उभी राहून म्हटलं, "ओलावा राहू द्या, आधी खुर्ची आणा." तर गोड हसून म्हणाले, "काकू, राग हा आपल्या वाटेतला धोंडा आहे. तो बाजूला ठेवा, बाकीचं वर्गानंतर बोलू." मग सगळ्यांना उभं केलं, स्वतःही उठले. डोळे मिटा, मी सांगेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत.

मी राग होता तिथेच ठेवला आणि खुर्ची उचलली. पहिल्या वळणावर असताना वरून धप्पकन आवाज आला. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे साक्षीदार कुणी नाही. वर्गाची शिस्त खरंच चांगली आहे.

सभा बसली. माझी माफी मागायची सोडून मलाच म्हणाले, माफी मागा. मी म्हटलं, आधी तुम्ही कॅप्टनची मागा, मग मी तुमची मागेन, रांगेनं जाऊ. तेव्हा त्यांनी नवा नियम केला: फाटकावरच्या खुर्चीत फक्त रहिवासी आणि त्यांचे पाहुणे बसतील, पहारेकरीण बसलेली दिसली तर कामावरून कमी. बरं, म्हटलं, मी रहिवासी आहे. मी जाऊन बसले. पण शेजारी कॅप्टन उभी, हातात काठी. येणारा जाणारा मला संस्थानाची राणी समजून बघायला लागला. लाज वाटली हो. ज्या माणसाला लोकांनी बसू दिलं नाही त्याच्या खुर्चीत मी दुसऱ्या बाईला उभी करून बसले होते. उठले. मग आम्ही दोघी उभ्या आणि खुर्ची बसलेली, असं दुपारभर चाललं. शेवटी मी तिला आत येणाऱ्यांची वही उघडायला लावली. आता ती रोज सकाळी तीत स्वतःचं नाव लिहिते. कोणाकडे: माझ्याकडे. कामाचं स्वरूप: बसणे. माझी पाहुणी आहे, बसते. सचिवांनी वही वाचली आणि टोमॅटोसारखे झाले, पण नियम त्यांचाच.

पुस्तकात लिहिलंय, राग सोडला की माणूस वाढतो. माझं उलट झालं. तुमचा भाऊ होता तेव्हा त्या दुकानाचा राग मला कधी मालकाच्या तोंडावर काढता आला नाही. तो नुसता तेलात मिसळून मी त्यांच्या पायांना लावत राहिले. आता तो मोठा झाला आहे, चालायला लागला आहे, जिने उतरतो. त्याला मी सोडणार नाही.

प्रकृतीला जपा, तेल लावा, आणि मैत्रिणीचं ऐकलंत तर निदान अर्ध्यावर थांबा.

तुमचीच,
डोकं फिरलेली भावजय

ता. क. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. सचिवांचा मुद्दा असा की पाहुणी बसलेली आणि यजमानीण उभी, हा उघड बनाव आहे. खरं सांगू? मुद्दा बरोबर आहे. तेव्हा वन्सं, त्या जोडीतली जी दुसरी खुर्ची तुमच्याकडे आहे, ती रविवारच्या आत पाठवा. तुमचा भाऊ गेल्यापासून तुम्ही म्हणता आहात की वडिलांच्या दोन्ही खुर्च्या एकत्र असायला हव्यात, आणि मी दर वेळी तोंड वाकडं करत आले. आता मला पूर्ण पटलं आहे. एकत्रच असायला हव्यात. फक्त इकडे.

ता. क. दुसरं. आमच्या खुर्चीच्या उजव्या हातावर, जिथं त्यांचा अंगठा फिरायचा, तिथलं पॉलिश गेलं आहे. कॅप्टनचा अंगठा नेमका तिथेच जातो. पहिल्या दिवशी मला बघवलं नाही. आता बघते. तुमच्या खुर्चीला तुमच्या अंगठ्यानं कुठं घासलं असेल तर कळवा; तिथं मी माझा ठेवीन. आणि स्वतःच घेऊन आलात तर उत्तम. पाहुण्यांना बसायला आमच्याकडे नियमानं परवानगी आहे.