तळ्याच्या अलीकडे

दि. २ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गोल्फ क्लबाचा इतिहास तू लिहितोयस हे आईला सांगितलं आणि पस्तावले! सकाळ झाली की छापून आला का, हाच घोशा. नजर पार गेलीय, म्हणून मी मोठ्यानं वाचायचा. बाबांनी जन्मभर तिथं माळीकाम केलं, त्यांची ती सातव्या होलची गंमत तेवढी नक्की घाल. डॉक्टर म्हणतात, आईचे आता फार दिवस धरू नका. तेव्हा लेखकमहाशय, जरा हात चालवा.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
छबू

दि. १९ मे

चि. सौ. छबूस,
अ. उ. आ.

कसला डोंबलाचा लेखक! क्लबाच्या कारकुनाला टायपिंग येतं म्हणून माझ्या गळ्यात मारलंय. तरी बाबांवर अख्खं पान लिहिलं. पहिल्या अध्यक्षांनी या काठावरून ओरडून सांगितलं, सातव्या होलभोवतीची हिरवळ तळ्याच्या अलीकडे करा. बाबा उभे समोरच्या काठावर. त्यांनी स्वतःच्या अलीकडे केली! अध्यक्ष नाही नाही ते बोलले, बाबा दोन दिवस जेवले नाहीत. पुढे पाण्यावरून चेंडू मारायला लांबलांबून लोक येऊ लागले आणि क्लबाचं नाव झालं.

क्लबाच्या समितीत वाचलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मला वाटलं, जमलं. मग सचिव म्हणाले, मजेदार आहे, पण क्लबाचं नाव चुकीमुळे झालं असं छापायचं कसं? ते काढा, अध्यक्षांची दूरदृष्टी म्हणा. खूप भांडलो गं. त्यांनी शांतपणे विचारलं, निवृत्तीला किती राहिलं? ते वाक्य शेवटी मीच टाइप केलं. लाज वाटते. पुस्तक सोबत पाठवतोय. आईला काय सांगायचं ते तूच बघ, माझं डोकं चालत नाही.

आईला जप, माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
दादा

दि. ३० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर कसली रागावू! म्हटलं, आईला कुठं दिसतंय? अध्यक्षांच्या जागी बाबांना घालून ते दूरदृष्टीचं वाक्य वाचलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, हे दुसऱ्या कुणाचं असणार. आमचा माणूस चुकला होता बिचारा, रात्रभर रडला. त्यांचं वाच.

मग पुस्तकात तुझं पत्र ठेवलं आणि तेच वाचलं, अलीकडे-पलीकडेसकट. काय हसली रे! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोन नाही, तीन दिवस जेवले नव्हते, दादाला सांग म्हणाली. नंतर हात पुढे केला, ते कुठं छापलंय तिथं माझं बोट ठेव म्हणे. मी काय करणार? अध्यक्षांच्या त्या वाक्यावर ठेवलं. तिनं त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवलं, पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक उशाखाली घेतलं.

उद्या तिनं शेजारणीला बोलावलंय. तिच्याकडून ते दुमडलेलं पान पुन्हा एकदा वाचून घेणार आहे.

लोभ असू दे रे, आत्ता फार गरज आहे.

तुझी,
छबू